गुप्त वर्गणीचे वाङ्मय

थोर पुरुषांच्या चरित्रांत पैशाचा हिशेब सहसा दिलेला नसतो. चरित्रनायकाने उपास काढले, घरदार विकले, मित्रांनी वेळोवेळी साहाय्य केले, इतके सांगितले म्हणजे चरित्रकाराचे समाधान होते. कोणत्या मित्राने किती दिले, देताना तो काय बोलला, आणि पुढे प्रकरण अंगाशी आल्यावर काय बोलला, हे वाचकाला कळत नाही. अमेरिकेतील जॉन ब्राउनच्या बाबतीत मात्र उलट झाले आहे. त्याच्याविषयीच्या वाङ्मयाचा फार मोठा भाग वर्गणी मागणारी पत्रे, ती देणारी उत्तरे आणि ती दिल्याचे नाकारणारी निवेदने यांनी व्यापलेला आहे. एवढेच नव्हे, तर वर्गणीदारांपैकीच एकाने पुढे त्याचे मोठे चरित्र लिहिले व दुसऱ्याने आपल्या आठवणी. या लेखनाकडे राजकीय इतिहासाची साधने म्हणून पुष्कळांनी पाहिले आहे. आम्ही येथे ते वाङ्मय म्हणून पाहणार आहोत. ज्या हाताने पैसा दिला तोच हात लेखणी धरतो तेव्हा काय लिहितो, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

वाचकांच्या सोयीसाठी मूळ घटना थोडक्यात सांगतो. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री ब्राउनने व्हर्जिनियातील हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. त्याचे दल त्याच्यासह अवघे २२ जणांचे. त्यांत ५ कृष्णवर्णी. आसपासच्या गुलामांना सोडवून, त्यांच्या हाती शस्त्रे देऊन डोंगरांचा आश्रय घ्यावयाचा, असा बेत होता. दुसरा दिवस मावळेपर्यंत सारे वेढले गेले, आणि १८ तारखेच्या सकाळी कर्नल रॉबर्ट ली याच्या हुकमतीखालील नौसैनिकांनी ब्राउनला जखमी अवस्थेत पकडले. त्याच्या माणसांपैकी १० मारले गेले, ५ निसटले. त्याच्यासह ७ जण फासावर चढले. दास्यमुक्तीसाठी घातलेल्या या छाप्यात पहिला बळी पडला तो हेवर्ड शेपर्ड, रेल्वेवर सामान हाताळणारा एक स्वतंत्र कृष्णवर्णी मनुष्य. ही गोष्ट ब्राउनच्या भक्तांनी नेहमी हळू आवाजात सांगितली आहे. ब्राउनला २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी झाली. ज्या शेतघरातून तो निघाला होता तेथे शार्प्स रायफली, पिस्तुले व शेकडो भाले सापडले. त्याबरोबर कागदही सापडले, आणि कागदांत उत्तरेकडील प्रतिष्ठित गृहस्थांची नावे निघाली.

ते गृहस्थ सहा होते. इतिहासात त्यांना ‘गुप्त सहा’ असेच म्हणतात. पीटरबरोचा लक्षाधीश जमीनदार गेरिट स्मिथ. बोस्टनजवळ मेडफर्ड येथे राहणारा कारखानदार जॉर्ज ल्यूथर स्टर्न्स. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेला व पुढे अंधांच्या शिक्षणासाठी नावाजलेला डॉक्टर सॅम्युएल ग्रिड्ली हाउ. बोस्टनचा विद्वान धर्मोपदेशक थिओडोर पार्कर. वुस्टरचा धर्मोपदेशक व लेखक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. आणि काँकर्डचा तरुण शाळामास्तर फ्रँकलिन सॅनबॉर्न. सगळेच सुशिक्षित आणि सगळेच समाजात मानाने वावरणारे. ज्याला द्यावयाचे तो ब्राउन मात्र चामडे कमावणारा, लोकरीच्या व्यापारात बुडालेला, वीस मुलांचा बाप; शाळेत फारसा न गेलेला.

नवल असे की या सात जणांत उत्तम गद्यलेखक शोधावयाचा तर तो शाळेत न गेलेलाच निघतो.

१८५७ च्या आरंभी ब्राउन बोस्टनला आला तो कॅन्ससमधील लढ्यासाठी द्रव्य जमविण्यास. सभा झाल्या, टाळ्या पडल्या, मॅसॅच्युसेट्सच्या कॅन्सस कमिटीने २०० रायफली त्याच्या ताब्यात देण्याचे ठरविले, स्टर्न्सने स्वतःच्या जबाबदारीवर २०० पिस्तुलांची सोय केली. पण रोख रक्कम हवी तितकी हाती आली नाही. एप्रिलमध्ये निराश होऊन त्याने एक लहानसे टिपण लिहिले. ‘ओल्ड ब्राउन्स फेअरवेल’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात तो निरोप घेतो तो माणसांचा नव्हे, तर न्यू इंग्लंडच्या पवित्र स्मारकांचा: प्लिमथचा खडक, बंकर हिलचा स्तंभ, कनेटिकटचा सनदेचा ओक वृक्ष, आणि त्यांच्याच रांगेत अंकल टॉमची झोपडी! शुद्धलेखनाच्या चुका पानभर आहेत. परंतु ज्या समाजाने आपल्या पूर्वजांच्या शौर्याची स्मारके केली, आणि ज्याने गुलामाच्या दुःखावरील कादंबरीचेही एक स्मारक करून टाकले, त्या समाजाच्या दारातून एक माणूस साध्या शिपायाच्या सामग्रीवाचून परत चालला आहे, हा उपरोध त्या एका मथळ्यात आहे. ज्यांनी कादंबरी वाचून अश्रू ढाळले त्यांना यापेक्षा नेमका टोमणा कोणा टीकाकाराने मारलेला आम्हांस ठाऊक नाही.

त्याच वर्षीच्या १५ जुलैचे दुसरे एक पत्र आहे. स्टर्न्सचा मुलगा हेन्री तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. त्याने आपल्या खाऊचे साठविलेले पैसे ब्राउनच्या हाती ठेवले होते आणि त्याच्या लहानपणाची गोष्ट ऐकण्याची इच्छा दाखविली होती. उत्तरादाखल ब्राउनने आयोवामधून आपले बालचरित्र लिहून पाठविले. ते प्रथमपुरुषात नाही. ‘माझ्या ओळखीचा एक जॉन नावाचा मुलगा होता’ अशा थाटात, स्वतःला लांब ठेवून लिहिले आहे. त्या जॉनला एका रेड इंडियन मुलाने पिवळी गोटी दिली, ती हरवली. त्याने एक खार माणसाळविली, ती गेली. मेंढीचे एक कोकरू त्याचे स्वतःचे म्हणून मिळाले, ते मेले. आठव्या वर्षी आई गेली. प्रत्येक वेळी जॉन किती दिवस रडला हे लिहिणारा सांगतो, आणि गोटीचे दुःख व आईचे दुःख एकाच गंभीर स्वरात सांगतो. मग १८१२ च्या युद्धाचा काळ येतो. गुरे हाकीत लांबवर गेलेला जॉन एका गृहस्थाकडे मुक्कामाला राहतो. त्या घरी जॉनच्याच वयाचा, हुशार, जॉनशी प्रेमाने वागणारा एक गुलाम मुलगा असतो. यजमान जॉनचे कौतुक करतो, त्याला मेजावर जेवायला बसवितो. आणि त्या दुसऱ्या मुलाला त्याच्या डोळ्यांदेखत, हाताला लागेल त्या लोखंडी फावड्याने मारतो. त्या मुलाला आई नव्हती, बाप नव्हता.

येथपर्यंत आल्यावर वाचकाच्या लक्षात येते की गोटी, खार आणि कोकरू उगीच आलेली नव्हती. ज्याच्याजवळ हरविण्यासारखे काही तरी होते अशा मुलाकडून, ज्याच्याजवळ हरविण्यासारखेही काही नाही अशा मुलापर्यंत लेखकाने आपणांस बोटाला धरून नेले आहे. हे त्याने ठरवून केले की नकळत, हा वाद आम्ही घालणार नाही. आणि सगळे सांगून झाल्यावर ताजा कलम: तुझी वर्गणी पोचल्याचे लिहावयाचे राहूनच जात होते, देव तुझे भले करो! बारा वर्षांच्या मुलाच्या खाऊच्या पैशांची ही पावती. अशी पावती दुसऱ्या कोणत्या कारभाऱ्याने फाडली असेल?

तथापि या पत्राच्या मोहात पडून टीकाकाराने आपले काम विसरू नये. ते पत्र मुलाला लिहिलेले असले तरी कारखानदाराच्या घरी जाणारे होते, हे ब्राउनला पक्के ठाऊक होते. शिवाय त्यात जॉन पुरता मोठा होण्यापूर्वीच गोष्ट थांबते. प्रौढ जॉनने मे १८५६ मध्ये, कॅन्ससमधील पॉटवॉटॉमी खाडीच्या काठी, गुलामगिरीच्या पक्षाच्या पाच जणांना रात्री घरातून बाहेर काढून ठार करविले होते. बोस्टनच्या दिवाणखान्यांत हा विषय निघाला की ब्राउन त्यातून अंग काढून घेई. देणाऱ्यांनी फार विचारले नाही, घेणाऱ्याने फार सांगितले नाही. १८७९ मध्ये त्या रात्रीच्या एका सोबत्याने कबुलीजबाब दिला तेव्हा कुठे शंकेला जागा उरली नाही.

वर्गणीच्या या व्यवहारात ‘न विचारणे’ कसे कसे वाढत गेले हे पाहण्यासारखे आहे. २ फेब्रुवारी १८५८ रोजी ब्राउनने हिगिन्सनला लिहून ५०० ते ८०० डॉलर साठ दिवसांत हवे असल्याचे कळविले. काम गुप्त, इतकेच सांगितले. हिगिन्सनने उलट विचारले की हे पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखविणाऱ्या ‘भुयारी रेल्वे’चे काम आहे काय? उत्तर आले: रेल्वेचेच, फक्त जरा विस्तृत प्रमाणावर. त्याच महिन्याच्या २२ तारखेला पीटरबरो येथे स्मिथच्या घरी ब्राउनने आपला बेत उघड केला. दक्षिणेच्या डोंगरांत स्थापावयाच्या राज्याची घटनाच त्याने वाचून दाखविली. सॅनबॉर्न तेथे होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फाने झाकलेल्या शेतांतून तो आणि स्मिथ फिरावयास गेले, आणि आपल्या मित्राला हट्टापासून परावृत्त करता येत नाही तर त्याला एकटे सोडणेही शक्य नाही, अशा निर्णयाला दोघे आले. सॅनबॉर्नच्या साऱ्या लेखनात हा प्रसंग सर्वांत जिवंत उतरला आहे, कारण त्यात युक्तिवाद नाही. मावळते ऊन, बर्फ आणि दोन माणसांचा संकोच आहे. मार्चमध्ये बोस्टनच्या एका हॉटेलात कमिटी ठरली आणि १,००० डॉलर जमविण्याचे ठरले.

मग मे महिन्यात घोटाळा झाला. ब्राउनने कवायत शिकविण्यासाठी ठेवलेला ह्यू फोर्ब्ज हा इंग्रज गृहस्थ पगारावरून बिनसला आणि त्याने सिनेटर हेन्री विल्सन यांच्यासारख्यांना बेताची कुणकुण लागू दिली. विल्सनने हाउला लिहिले की कॅन्ससच्या रक्षणासाठी दिलेल्या रायफली भलत्या कामी जाता कामा नयेत. हाउने १५ मे १८५८ रोजी उत्तर धाडले की असा विश्वासघात होऊ नये म्हणून तत्काळ उपाय योजले आहेत. उपाय खरोखरच योजले गेले होते. कॅन्सस कमिटी स्टर्न्सचे देणे लागत होती. त्या देण्यापोटी त्या रायफली स्टर्न्सच्या खाजगी मालकीच्या मानण्यात आल्या. म्हणजे कमिटीच्या रायफली आता कोणत्याही भलत्या कामी जाणे शक्यच नव्हते, कारण कमिटीजवळ रायफली उरल्याच नव्हत्या! त्या ब्राउनजवळ होत्या तेथेच राहिल्या. सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात ज्यांची उमेदीची वर्षे जात आहेत त्या आमच्यासारख्यांना हे पत्र वाचून ओळखीचे हसू येते. यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि सबंध पत्र खोटे आहे.

२४ मेच्या बैठकीत बेत लांबणीवर टाकण्याचे ठरले. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरली: यापुढे ब्राउनने आपले बेत कमिटीला सांगू नयेत. स्मिथने पुढे सॅनबॉर्नला पत्राने कळविलेही की कॅप्टन ब्राउनच्या योजना जाणण्याची आपल्याला इच्छा नाही. आणि १८५९ च्या वसंतात त्याच स्मिथने ४०० डॉलर दिले. एकट्या हिगिन्सनला हे लांबणीवर टाकणे पसंत नव्हते. ब्राउनने त्याला खाजगीत सांगितले की ही मंडळी कृती करणारी नव्हेत.

महाराष्ट्राबाहेर मराठी मंडळे चालविणाऱ्यांना वर्गणीचे थोडेफार शास्त्र अवगत असते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलेल्याला ठाऊक असते की पुष्कळ देणगीदार रकमेबरोबर आपली काळजीही घेणाऱ्याच्या झोळीत टाकून दार लावून घेतात. गणेशोत्सवाच्या मांडवापुरते त्यात काही बिघडत नाही. पण जेथे रकमेने रायफली घ्यावयाच्या आहेत तेथे ‘मला सांगू नका’ या वाक्याचा अर्थ काय होतो? अर्थ असा की धोका तुमचा, समाधान आमचे. आमच्या मते त्या सहांवरचा खरा आक्षेप शस्त्रांसाठी पैसा दिला हा नव्हे. त्या काळच्या अमेरिकेत चाळीस लक्ष माणसे विकली आणि विकत घेतली जात होती. त्यांच्यासाठी शस्त्र उचलण्याचा विचार ज्यांना शिवला त्यांना आज आपण दोष देणार नाही. आक्षेप आहे तो अज्ञान विकत घेण्यावर.

छाप्यानंतरची निवेदने या अज्ञानाच्याच भांडवलावर लिहिली गेली. हाउने नोव्हेंबर १८५९ मध्ये वृत्तपत्रात निवेदन दिले की ही घटना आपल्याला अनपेक्षित होती, आणि नंतर तो कॅनडात गेला. स्टर्न्सही गेला. सॅनबॉर्न तर दोनदा गेला. स्मिथ ७ नोव्हेंबरला युटिका येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. त्याचे मन खरोखर ढळले होते की नाही यावर पुढे बदनामीच्या फिर्यादीपर्यंत मजल गेली. पार्कर क्षयाने जर्जर होऊन इटलीत होता. तेथून त्याने गुलामाला स्वातंत्र्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क आहे हे तत्त्व निर्भयपणे मांडणारे पत्र लिहिले आणि मे १८६० मध्ये फ्लॉरेन्सला तो वारला. हिगिन्सन वुस्टर सोडून हालला नाही. हाउचे निवेदन वाचून त्याने सॅनबॉर्नला संतापाने विचारले की सहकटवाल्यांमध्ये इमान म्हणून काही चीज असते की नाही?

सिनेटच्या चौकशी समितीपुढे फेब्रुवारी १८६० मध्ये हाउ व स्टर्न्स यांच्या साक्षी झाल्या. प्रश्न हार्पर्स फेरीविषयी विचारले गेले आणि हार्पर्स फेरी हे स्थळ ब्राउनने त्यांना सांगितलेले नव्हते. तेव्हा ‘नाही’ म्हणणे सोपे गेले. तरीही स्टर्न्सविषयी एक गोष्ट सांगावयास हवी. तेव्हा ठाऊक असते तर नापसंत केले असते, पण आता आपले मत बदलले आहे, असे तो शत्रूंच्या तोंडावर बोलला आणि वॉशिंग्टनच्या जोडीला त्याने ब्राउनला बसविले. पुढे कृष्णवर्णी सैनिकांच्या भरतीसाठी त्याने जीव तोडून काम केले. १८६७ मध्ये तो गेला. पुस्तक त्याने लिहिले नाही.

पुस्तके लिहिली ती सॅनबॉर्नने व हिगिन्सनने. सॅनबॉर्नचे ‘द लाइफ अँड लेटर्स ऑफ जॉन ब्राउन’ १८८५ चे, सहाशेहून अधिक पानांचे. चरित्र म्हणून ते ओबडधोबड आहे. पत्रांमागून पत्रे येतात, मध्येच चरित्रकार आपल्या वीरासाठी न्यायालयातील वकिलाप्रमाणे उभा राहतो, पॉटवॉटॉमीच्या हत्यांचेही समर्थन करतो. कोठे थांबावे हे त्याला कळत नाही. परंतु या ग्रंथाचा एक मोठा गुण आहे आणि तो सुबक चरित्रांत सापडत नाही: तो हिशेब देतो. गुप्त कमिटीच्या हातून चार हजारांहून अधिक डॉलर ब्राउनकडे गेले आणि त्यांतील बहुतेक रक्कम उपयोग पुरता ठाऊक असताना दिली गेली, हे त्याने छापून टाकले. ज्या अज्ञानावर हाउने आपले निवेदन उभे केले होते ते एका वाक्याने जमीनदोस्त झाले. स्मिथचे नाव त्याच्या हयातीत येऊ नये ही विनंती सॅनबॉर्नने पाळली होती. स्मिथ डिसेंबर १८७४ मध्ये वारल्यावरच त्याने तोंड उघडले. मित्राचा शब्द राखला आणि इतिहासाचेही देणे दिले. तेवढ्यासाठी त्याची पानेच्या पाने क्षम्य आहेत. स्मिथच्या आप्तांना हे रुचले नाही हे वेगळे. १८७८ च्या स्मिथचरित्रात फ्रॉदिंगहॅमने स्मिथला बेत ठाऊक होता असे लिहिताच कुटुंबीयांनी हरकत घेतली व पुढील आवृत्तीत तो मजकूर बदलावा लागला.

हिगिन्सनची गोष्ट निराळी. लेखक म्हणून तो सॅनबॉर्नच्या किती तरी वर. त्याच्या १८९८ च्या आठवणींचे नाव ‘चीअरफुल यस्टर्डेज’, म्हणजे आनंदाचे दिवस. आणि ब्राउनवरचे प्रकरण नेमके या नावाने मारले आहे. वाक्ये सफाईदार, स्वर प्रसन्न, कोठे कटुता नाही. पण १८५९ च्या पत्रांत आग ओकणारा माणूस येथे भेटत नाही. वाचकाने त्याऐवजी ब्राउन तुरुंगात असताना त्याने नॉर्थ एल्बा येथील ब्राउनच्या घरी दिलेल्या भेटीचा लेख वाचावा. डोंगरातले थंड, ओकेबोके घर. ज्यांचे पती हार्पर्स फेरीला पडले अशा तरुण सुना. आणि बोलणे मात्र साध्या घरकामासारखे. वर्गणीदार ज्या घरातून माणसे गेली त्या घराच्या चुलीपुढे बसला आहे, याची लाज आणि आदर त्या लेखाच्या ओळीओळीत आहे. इतर पाच जणांपैकी कोणीही असे पान लिहिलेले नाही. जाता जाता आणखी एक. एमिली डिकिन्सन या कवयित्रीने १८६२ मध्ये आपल्या कविता ज्याला पाठविल्या तो हाच हिगिन्सन. आणि १८९० मध्ये तिचा पहिला संग्रह काढताना तिच्या ओळी घासूनपुसून गुळगुळीत करणाऱ्या दोघांपैकी एकही हाच. ब्राउनची अशुद्ध पत्रे जशीच्या तशी जपून बोस्टनच्या ग्रंथालयाला देणाऱ्या माणसाला कवितेतील खडबडीतपणा मात्र सोसवला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोन चरित्रे लागोपाठ आली: १९०९ मध्ये ड्यू बॉइस यांचे, १९१० मध्ये व्हिलार्ड यांचे. व्हिलार्ड हे अहिंसावादी दास्यविमोचक गॅरिसन यांचे नातू. त्यांच्यासाठी गावोगाव फिरून हयात साक्षीदारांच्या मुलाखती व कागद गोळा केले ते कॅथरीन मेयो या बाईंनी. होय, पुढे १९२७ मध्ये ‘मदर इंडिया’ लिहून साऱ्या हिंदुस्थानचा रोष ओढवून घेणाऱ्या त्याच मेयोबाई! त्या पुस्तकामुळे त्यांचे नाव आपल्याकडे कडवट झाले ते यथायोग्यच, पण ब्राउनच्या चरित्रासाठी त्यांनी केलेले साधनसंकलन कष्टाचे व मोलाचे आहे हे नाकारता येत नाही. ड्यू बॉइस यांच्याजवळ असे साधन नव्हते. त्यांनी बव्हंशी छापील ग्रंथांवर, विशेषतः सॅनबॉर्नवर भिस्त ठेवली आणि व्हिलार्ड यांनी त्यांच्या तपशिलांतील चुका कठोरपणे दाखविल्या. तरीही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचता आम्हांस ड्यू बॉइस यांचेच अधिक आवश्यक वाटते. व्हिलार्ड विचारतात: ब्राउनने काय केले, आणि त्याला कोणी काय दिले? ड्यू बॉइस हिशेबाची वहीच उलटी धरतात. गुलामगिरी चालू ठेवण्याचा खर्च किती, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या कोण भरीत होते, हे ते विचारतात. आणि ब्राउनभोवतीच्या कृष्णवर्णी माणसांना कथेच्या कडेवरून मध्यभागी आणतात.

ती माणसे देत होती, आणि डोळे उघडे ठेवून देत होती. मे १८५८ मध्ये कॅनडातील चॅटम येथे ब्राउनची घटना संमत झाली तेव्हा जमलेल्यांत ३४ कृष्णवर्णी होते आणि गोरे अवघे १२. त्याच गावी मुद्रकाचे काम करणारा ऑझ्बर्न अँडरसन पुढे हार्पर्स फेरीला गेला. ब्राउनच्या कृष्णवर्णी सोबत्यांपैकी तो एकटा वाचला आणि १८६१ मध्ये ‘अ व्हॉइस फ्रॉम हार्पर्स फेरी’ ही लहानशी पुस्तिका त्याने प्रसिद्ध केली. आसपासचे गुलाम उठले नाहीत, हे उत्तर-दक्षिण दोघांनीही चालविलेले मत तो प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींनी खोडून काढतो. तीत शैली नाही. कोण कोठे उभा होता, कोण कसा पडला, कोणी हत्यार उचलले, इतकेच आहे. पण ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य त्या पुस्तिकेत कोठेही येत नाही. या साऱ्या वाङ्मयात ते किती वेळा येते हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुस्तिकेची किंमत कळते.

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८८१ च्या आत्मचरित्रातील तो प्रसंगही असाच. ऑगस्ट १८५९ मध्ये चेंबर्सबर्गजवळच्या दगडाच्या खाणीत ते ब्राउनला गुपचूप भेटले, हा सापळा आहे म्हणून त्याला बजावले आणि बरोबर जाण्यास नकार दिला. त्यांच्यासोबत आलेला, गुलामीतून पळालेला शील्ड्स ग्रीन मात्र ‘म्हाताऱ्याबरोबर जातो’ म्हणाला, आणि फासावर गेला. डग्लस आपला नकार लपवीत नाहीत आणि ग्रीनचा होकारही झाकीत नाहीत. त्या भेटीला जाताना ब्रुकलिनच्या मिसेस ग्लॉस्टर या कृष्णवर्णी बाईंनी ब्राउनसाठी १० डॉलर त्यांच्या हाती दिले, हेही ते न विसरता लिहितात. स्मिथच्या ४०० डॉलरांपुढे १० ते काय! पण त्या दहांबरोबर देणाऱ्या बाईचे नाव आणि तिच्या शुभेच्छा उघडपणे पोचविल्या गेल्या.

उलट टोकाची आणखी एक दाता आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी एलन प्लेझंट या धनाढ्य कृष्णवर्णी बाईंनी उतारवयात सांगितले की ब्राउनला आपण ३०,००० डॉलर दिले. इतिहासकारांचे याबाबत अद्याप एकमत नाही. ज्यांच्या रकमा कागदोपत्री आहेत त्यांनी त्या नाकारल्या, आणि जिच्या रकमेला कागद नाही तिने ती अभिमानाने सांगितली. १९०४ मध्ये त्या वारल्या; जॉन ब्राउनची मैत्रीण, अशी ओळख नापा येथील त्यांच्या थडग्यावर कोरलेली आहे.

या वाङ्मयाशी मराठीचा धागा एका ठिकाणी प्रत्यक्ष जुळतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील सज्जनांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष स्वार्थत्यागाबद्दल अर्पण केले. पुण्याहून पाहताना जोतीरावांना अमेरिकेच्या त्या चळवळीत जे दिसले ते खोटे नव्हते. मात्र अर्पणपत्रिकेत कोणा एकाचे नाव नाही, आणि ते आम्हांस फार उचित वाटते. त्या अनामिक सज्जनांत अँडरसन आला, ब्रुकलिनच्या बाई आल्या, खाऊचे पैसे देणारा हेन्रीही आला. ते पुस्तक पुण्यात छापले गेले तेव्हा गुप्त सहांपैकी पार्कर व स्टर्न्स हयात नव्हते. उरलेले चौघे हयात होते. स्मिथला आपले नाव त्या प्रकरणात छापून यावयास नको होते, हाउने आपले निवेदन कधी मागे घेतले नव्हते, हिगिन्सनचे कागद त्याच्या पेटीत होते, आणि सॅनबॉर्नचा हिशेब ग्रंथरूपाने बाहेर पडण्यास अजून १२ वर्षे होती.